उताणी कोलंबी

श्रावण सरत आला की माझ्या पोटात दुखायला लागतं, आणि हे दुखणं डॉक्टरांना दाखवण्यातलं नाही. पाऊस उघडीप देतो. पेणच्या गल्ल्यांतून ओल्या शाडूचा आणि रंगांचा वास सुटतो. दारादारांत अजून डोळे न रंगवलेले गणपती ओळीनं वाळत बसतात. आणि अशाच एखाद्या दुपारी सिपोराचा फोन येतो. "काय गो शैले, पाऊस कसा हाय तुमच्याकडं?" तिच्याकडे, दूर परदेशात, तेव्हा लखलखीत ऊन असतं, तिकडच्या पावसाला अजून महिने असतात, तरी तिला माझ्या पावसाची चौकशी. मी हवामान खात्यासारखी उत्तरं देते. फोन ठेवला की तासभर मी घरात कुणाशी धड बोलत नाही. यांना आता ते ठाऊक झालंय, म्हणून हे गुपचूप स्वतःचा चहा स्वतः करून घेतात.

खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटतो. पंचविशीच्या आत वाटायचा, आज चष्म्याचा नंबर बदलताना हैराण होते तरी वाटतो. वय झालं की माणूस निवळतो असं म्हणतात. माझा हेवा काही निवळला नाही, बरणीतल्या लोणच्यासारखा मुरला मात्र आहे.

सिपोरा रोह्याची. त्यांचं घर ज्यू, पण आजेपणजे सगळे इथलेच, बोलणं आपलंच. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं ती. आम्ही दोघी एकाच वर्गातून बीएस्सी झालो आणि आमच्या सरांच्या हाताखाली कामाला लागलो. पेणपासून रोह्यापर्यंतच्या पाण्यांत, म्हणजे खाडी, मिठागरं, भातखाचरं, तळी, रस्त्याकडेची डबकी, या सगळ्यांत कोलंबी-खेकड्यांच्या जातकुळीतले बारीक जीव कोणकोणते राहतात, याची पाहणी सर करत होते. यातले बरेच जीव मोहरीएवढे, काही त्याहून लहान. डोळ्यांना दिसला तर ठिपका, मायक्रोस्कोपखाली धरला तर अख्खा संसार. डॅफ्निया नावाच्या जिवाच्या पारदर्शक पाठीतून त्याचं धडधडणारं काळीज दिसतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझ्या छातीवर हात ठेवावासा वाटला होता.

दिवाळीनंतर सर गोव्याकडच्या एका संशोधन संस्थेत जाणार होते. त्यांनी आम्हाला समोर बसवून सरळ सांगितलं, "मला एकच मदतनीस बरोबर नेता येईल. हंगाम संपू दे, मग ठरवू." दोघींनीही माना डोलावल्या. मी त्याच क्षणी मनात माझी बॅग भरली. मला जायचंच होतं. घरी गणपतीचा कारखाना, हंगाम संपला की अण्णा माझ्यासाठी स्थळं बघायला लागणार होते, आणि ती सगळी पेण-पनवेलच्या पलीकडची नसणार होती. गोवा हाच माझा एकमेव दरवाजा होता, आणि त्याच्या उंबरठ्यावर सिपोरा उभी होती.

तिनं तिथं उभं असावं, याचाच मला राग होता. मी जन्मल्यापासून जवळा खात आलेली. उन्हात वाळत घातलेल्या जवळ्याचा वास नाकात गेला की मला भूक लागते. आणि हिच्या घरात कोलंबी, जवळा, चिंबोरी, काहीच चालत नाही. एकदा मी तिच्या आईला भीत भीत विचारलं होतं. "आमच्यात नाय चालत गो," त्या म्हणाल्या, "खवलं आनि पर असतील तीच मासली आमची." म्हणजे ज्या जिवांची चव जिभेला कधी लागली नाही, त्यांच्यावर ही काम करणार! मला हा सरळसरळ अन्याय वाटायचा. त्यात युक्तिवाद काही नव्हता, पण हेव्याला युक्तिवाद लागत नाही.

त्या दिवसांत आम्ही लाल डब्यातून उतरून गडबच्या आसपासच्या खाचरांत उतरायचो. श्रावणातलं खाचर म्हणजे वर ऊन-पावसाचा खेळ आणि खाली पोटरीपर्यंत कोमट पाणी. चिखलात पाय रुतला की बुडबुडे येतात आणि कुजलेल्या पेंढ्याचा वास वर येतो. हमरस्त्यावरून डोलवीच्या कंपनीकडे ट्रक जात असायचे, आणि त्यांचा धडधडाट पाण्यातूनही पायाला कळायचा. माझ्या आईनं जुन्या तलम कापडाची जाळी शिवून दिली होती. मी ती पाण्यात फिरवायची, बाटलीत उलटी करायची, फॉर्मालिनचे थेंब टाकायची, लेबल लावायची की पुढच्या खाचराकडे. संध्याकाळी माझ्या पिशवीत बाटल्यांचा खणखणाट असायचा. सिपोराचं वेगळंच. ती बांधावर पालथी पडायची, हनुवटी हातावर टेकायची आणि पाण्याकडे बघत राहायची. जाळी कोरडीच. ओढणी मात्र चिखलात.

एकदा भात बेणणाऱ्या, म्हणजे तण उपटणाऱ्या, एका बाईंनी कंबर सरळ करून विचारलं, "काय धरताव गो पोरींनो?"

"बारीक किडे हायत मावशी, पाण्यातले," सिपोरा म्हणाली.

"खाताव का काय त्यांना?"

"नाय ओ. नुसतं बघतंय."

"बघून पोट भरतं व्हय?" असं म्हणून बाई हसत पुन्हा वाकल्या. सिपोराही हसली. मी बाईंच्या बाजूची होते.

आणि तरी संध्याकाळी सर माझ्या लेबलांवरून नजर फिरवून "छान, नेटकं" म्हणायचे, आणि खुर्ची वळवून तिला विचारायचे, "हं, आज काय पाहिलंस?" मग ही सुरू. सायक्लॉप्सची मादी दोन्ही कडेला अंड्यांच्या पिशव्या घेऊन कशी जाते, बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन निघालेल्या बाईसारखी. ऊन आलं की डॅफ्निया खाली कसे सरकतात. दोन शिंपल्यांत राहणारा तो बीएवढा जीव चिखलात कसा शिरतो. सर चहा गार होऊ द्यायचे. माझ्या बाटल्या टेबलावर ओळीनं उभ्या. त्यातला एकही जीव जिवंत नाही, त्यामुळे सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसायचं.

गणपती जवळ आले तशी मला कारखान्यात हात द्यावा लागू लागला. आमच्याकडे त्या दिवसांत पाहुण्याच्याही हातात ब्रश येतो. अशाच एका दिवशी सिपोरा एकटी हिंडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मांडीवर बाटली धरून पेणला प्रयोगशाळेत आली. मी नसताना सापडलं हे विशेष. रोह्याच्या अलीकडे एका वाडीबाहेर जुनी दगडाची खाण आहे, उथळ, पावसात भरते आणि उन्हाळ्यात पार कोरडी पडते. त्यातलं हे पाणी.

मी वाकून पाहिलं. बोटाच्या पेराएवढे, काचेसारखे, नुसती हालचाल दिसावी असे जीव. सगळे उताणे पोहत होते. पोट आभाळाकडे, आणि पोटावरच्या पायांची झालर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लहरत जात होती, वाऱ्यानं भाताच्या शेतावरून जावं तशी. शेपटीची टोकं नारिंगी. काळे डोळे देठांवर. असं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि ते तिच्या बाटलीत होतं.

सरांनी एक नर मायक्रोस्कोपखाली घेतला, पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "ही जात कोरड्या मुलखातली आहे," ते हळूच म्हणाले. "आपल्या कोकणात हिचं काय काम? सिपोरा, अगं हे मोठंच काहीतरी सापडलंय."

"हिला उताणी म्हणूया, सर?" ती म्हणाली. सर हसले. त्या दिवसापासून सगळी प्रयोगशाळा त्या जिवाला उताणी कोलंबीच म्हणायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. "छान आहे," मी म्हणाले. त्या दोन शब्दांना मला जेवढे कष्ट पडले तेवढे बीएस्सीला पडले नव्हते. घरी येऊन मी एका गणपतीचं सोवळं इतकं लालभडक रंगवलं की अण्णांनी ब्रश काढून घेतला.

आमच्या कारखान्यामागं एक खड्डा होता. फुटक्या मूर्ती, उरलेली माती, सगळं त्यात टाकायचं, म्हणजे पुन्हा भिजवून वापरता येतं. पावसानं तो काठोकाठ भरलेला असायचा. त्या दुपारी मी तिथं ब्रश धुवायला गेले. ऊन पडलं होतं. अर्ध्या विरघळलेल्या एका सोंडेजवळ काहीतरी हललं. मी ब्रश तसाच हातात धरून खाली बसले. उताण्या! सगळ्या आपल्या आभाळाकडे पोट करून, नारिंगी शेपट्या हलवत, आमच्या परसात.

पहिल्यांदा वाटलं, आता मलाही सापडली. मग वाटलं, पण इथं कशी? आणि मग डोक्यात काहीतरी लख्ख झालं. यांची अंडी चिखलात वाळून वर्षानुवर्षं पडून राहतात, पाणी मिळालं की फुटतात, हे सरांनीच शिकवलं होतं. मी आत धावले.

"अण्णा, आपली शाडू कुठली?"

"गुजरातची. तुला म्हाईत नाय व्हय?" अण्णा डोळे आखत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. "तिकडल्या तलावातली. पोत्यांतून येतं सगलं."

"आणि रोह्याअलीकडच्या त्या खाणीच्या वाडीत आपल्या मूर्ती जातात?"

"जातात की. नदीला पुराचं पानी असतंय, म्हनून त्या खानीतच इसर्जन करतात. का गो?"

का म्हणजे! तिकडच्या तळ्यातली अंडी मातीबरोबर पोत्यात, पोत्यातून आमच्या हातात, हातातून गणपतीच्या पोटात. गणपती रोह्याकडे जाऊन खाणीत बुडतो, माती तळाशी बसते, उन्हाळ्यात वाळते, आणि पुढच्या पावसात उताण्या निघतात. कोकणातली म्हणे! सिपोराच्या नोंदीत 'पावसाचं डबकं' एवढंच लिहिलेलं होतं, आणि त्या डबक्याचा निम्मा गाळ आमच्या कारखान्यातून गेला होता. चूकही अशी की ती पेण-रोह्याच्या माणसांनीच करावी. जन्मभर गणपती बुडवायचे, आणि तळाशी माती साठते हे विसरायचं.

मी सरांकडे गेले नाही. मला आधी तिचा चेहरा बघायचा होता. दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन रोह्याची गाडी पकडली. खिडकीबाहेर हिरवंगार होतं आणि नागोठण्यापर्यंत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. मी खरं तेच सांगायला निघाले होते, आणि खरं सांगण्यात इतकी गोडी असते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्यांचा नव्या वर्षाचा सण तोंडावर आला होता. सिपोराची आई चुलीपाशी नारळाच्या दुधातला हलवा घोटत बसली होती आणि घरभर वेलदोड्याचा वास होता. "ये गो शैला. बस. हात लावतंस का जरा? माझा खांदा गेला." मी बसले नाही. उभ्या उभ्याच बाटली सिपोराच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं, गुजरातपासून खाणीपर्यंत. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुझी उताणी इथली नाहीच."

मी वाट बघत होते. मग तिनं बाटली उजेडात धरली, आणि तिचा चेहरा, जो पडायला हवा होता, तो असा काही फुलला की मला जिना उतरताना एक पायरी चुकल्यासारखं झालं.

"शैले! म्हणजे ही गणपतीच्या पोटातून आली?" ती ओरडलीच. "आई, ऐकलंस काय? आमच्या खाणीतली कोलंबी गणपतीच्या पोटातून आली!"

"गनपतीच्या?" आईचा हात हलव्यात थांबला. "आनि आपल्या रोह्याला?"

"मग नुसती तिथंच कशी असेल?" सिपोरा खोलीभर फिरायला लागली. "पेणचे गणपती कुठं कुठं बुडतात? नदीत मासे खात असतील तिला. खाडीत खारट पाणी, तिथं मरत असेल. पण बिनमाशांची डबकी? शैले, आपल्याला सगळी बघायला पायजेत. तू काय शोधून काढलंस गो!" आणि तिनं मला मिठी मारली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. मी हात खाली सोडून उभी. मग तिनं छत्री घेतली, मला ओढत बाहेर काढलं, आणि पुढचे कितीतरी दिवस आम्ही विसर्जनाच्या जागा धुंडाळत हिंडलो. काही ठिकाणी उताण्या होत्या, बऱ्याच ठिकाणी नव्हत्या. नसल्या तर ती जास्तच खूश व्हायची. का नाहीत, याचा विचार करायला मिळायचा ना.

सरांनाही तिनंच सांगितलं. "हे शैलानं शोधलं, सर. माझं चुकलं होतं." लपवलं असतं, निदान थोडं कानकोंडं होऊन सांगितलं असतं, तर मला किती बरं वाटलं असतं. पण ही एखादी आनंदाची बातमी द्यावी तशी स्वतःची चूक सांगत होती. सरांनी माझी पाठ थोपटली. मग त्यांनी मला विचारलं, "आता पुढं काय बघायचं, शैला?" ती चुकली होती, हे मला सापडलं होतं. त्यापुढं जायचं माझ्या मनातच नव्हतं.

दिवाळीनंतर सर सिपोराला घेऊन गेले. जायच्या आधी ते मुद्दाम आमच्या घरी आले होते. अण्णांसमोरच म्हणाले, "शोधलंस तू, यात शंका नाही. पण सापडल्यावर तुझं शोधणं संपलं, शैला. ती अजून शोधतेय." अण्णांना काय बोलणं चाललंय ते कळलं नाही. त्यांनी सरांना एक छोटा गणपती भेट दिला. मला मात्र सगळं कळलं होतं, आणि त्या दिवशी मी परसातल्या खड्ड्यापाशी बसून मनसोक्त रडले.

पुढं सगळं रीतसर झालं. लग्न पेणमध्येच, माणूस चांगला. ज्युनिअर कॉलेजात नोकरी. इतकी वर्षं मुलांना झुरळ कापायला शिकवलं. सिपोरा काही वर्षं गोव्यात होती. मग रोह्यातली त्यांची नातलग मंडळी एकेक करून इस्रायलला गेली, तशी तीही आईला घेऊन गेली. रोह्याचं घर आता दुसऱ्या कुणाचं आहे. आणि तिथं, त्या वाळवंटात, वर्षातून कधीतरी पाऊस पडतो, खळग्यांत पाणी साचतं, आणि त्यात उताण्या निघतात. ती त्यांच्यावर काम करते. म्हणजे बघा, माझी उताणी परसातच राहिली, आणि ही वाळवंटात गेली तरी हिला तिथंही सापडली! मी हे यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "अगं, मग चांगलंच आहे की." चांगलंच आहे. माझं तेच तर दुखणं आहे.

बरीच वर्षं मी समजत होते की मला गोव्याचा हेवा वाटतो. मग समजत होते, परदेशाचा. हल्ली पक्कं कळलंय की ती रोह्याच्या चुलीपाशी जशी फुलली, त्याचा वाटतो. ती चुकली होती आणि तिला आनंद झाला. मी बरोबर होते आणि मला झाला नाही. हे गणित मी कितीदा मांडून पाहिलंय, आणि प्रत्येक वेळी उत्तर तिच्याच बाजूनं निघतं.

यंदाही फोन आला. नेहमीसारखाच. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी स्टेशनच्या अंगानं घरी निघाले होते. तिथं एका इमारतीसाठी जमीन खणून ठेवलीय आणि काम बंद पडलंय. खड्ड्यांत पाणी. ऊन पडलं होतं, पाणी गढूळ असूनही काठाशी निवळ दिसत होतं, आणि त्यात मुगाच्या डाळीएवढं काहीतरी गिरक्या घेत होतं. मी साडी वर खोचली आणि बसले. दोन शिंपल्यांमधून पाय बाहेर काढून पोहणारे जीव होते ते. त्यातले काही जोडीजोडीनं फिरत होते. एकानं दुसऱ्याला शिंपल्याच्या कडेशी घट्ट धरलेलं, आणि धरलेला दुसरा त्याला ओढत चिखलातून घेऊन चाललेला. एक जोडी उलटी झाली, पुन्हा सरळ झाली. एक एकटाच प्रत्येकाला जाऊन धडकत होता आणि कुणी दाद देत नव्हतं. मला हसू आलं. माझ्याकडे बाटली नव्हती. ते माझ्या लक्षातही आलं नाही.

"म्याडम, काय पडलं का?" रस्त्यावरून एका विद्यार्थिनीच्या आईनं विचारलं.

"नाही हो. बघतेय."

त्या थोडा वेळ थांबल्या आणि गेल्या. ढग आले, पाणी काळवंडलं, पुन्हा ऊन पडलं, तेव्हा ते जीव काठापासून जरा आत सरकलेले दिसले. कशासाठी सरकले असतील? मी जागा बदलून पलीकडून बघायला लागले. पायांना मुंग्या आल्या तेव्हा उठले.

घरी आले तर यांनी विचारलं, "एवढा उशीर? आणि साडी कसली भिजवलीस?" मी म्हटलं, सांगते, आधी चहा द्या. चहा पिताना मी सांगत होते, गिरक्या, जोड्या, तो एकटा, आणि हे कप हातात धरून ऐकत होते. सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की त्या सगळ्या वेळात सिपोरा माझ्या मनात एकदाही आली नव्हती. मग आली. माझी एक दुपार अशी गेली होती. तिच्या सगळ्याच अशा गेल्या.